चेहरा वाचणारी यंत्रं : जुना मोह, नवं तंत्र

हल्ली मोबाईलवर अशी ॲप्स सर्रास मिळतात : सेल्फी टाका आणि तुमचं 'खरं' वय जाणून घ्या, स्वभाव जाणून घ्या, ताण किती आहे ते जाणून घ्या. याचा पुढचा टप्पा आमच्या दवाखान्यापर्यंत येऊन पोचतो. कुणी आई-बाबा बाळाचा फोटो ॲपमध्ये टाकून आलेले असतात आणि आलेल्या नावानं रात्रभर झोपलेले नसतात. एखादा तरुण विचारतो, "डॉक्टर, नोकरीच्या व्हिडिओ मुलाखतीत म्हणे कॉम्प्युटर चेहरा बघून माणूस कसा आहे ते ठरवतो. हे खरं असतं का?"

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण चेहऱ्यावरून काही गोष्टी खरोखरच कळतात. आम्ही डॉक्टर रोज तेच करत असतो. पण काही गोष्टी अजिबात कळत नाहीत, आणि नेमक्या त्याच कळतात असा दावा दोन हजार वर्षं होत आला आहे. कुठला दावा टिकला आणि कुठला कोसळला, याचा इतिहास पाहिला की आजच्या यंत्रांकडे कसं पाहायचं ते आपोआप समजतं.

हिप्पोक्रेटिसचा चेहरा

वैद्यकात चेहरा वाचण्याचं एक जुनं उदाहरण ग्रीसमधलं, इसवीसनाच्या चारपाचशे वर्षं आधीचं आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णाचा चेहरा वर्णन केला आहे : नाक टोकदार, डोळे खोल गेलेले, कानशिलं बसलेली, कान थंड, रंग उतरलेला. आजही वैद्यकीय विद्यार्थी या चेहऱ्याला हिप्पोक्रेटिसच्याच नावानं ओळखतात.

पण त्या ग्रंथातली पुढची सूचना जास्त मोलाची आहे. आजाराच्या सुरुवातीलाच असा चेहरा दिसला तर वैद्यानं लगेच निदान करू नये. आधी विचारावं : झोप झाली नाही का? जुलाब झाले का? उपाशी आहे का? यांपैकी काही असेल तर धोका कमी, आणि एका दिवसा-रात्रीत चेहरा पूर्ववत होईल. म्हणजे चेहरा दिसला की तपास सुरू करायचा आणि तसं दिसण्याचं दुसरं काही कारण आहे का, ते आधी पडताळायचं. हा नियम लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टी या नियमावरच उभ्या राहतात किंवा पडतात.

रोगावरून स्वभावाकडे

रोग चेहऱ्यावर दिसतो, मग स्वभाव का दिसू नये? आपल्याकडच्या सामुद्रिकशास्त्रानं कपाळ, भुवया, हनुवटी यांवरून माणसाचं भाग्य सांगितलं. युरोपात झुरिकचा धर्मोपदेशक लाव्हाटर यानं १७७५ पासून याच विषयावर सचित्र ग्रंथ काढले आणि ते प्रचंड लोकप्रिय झाले. १८३१ मध्ये 'बीगल' जहाजाचा कप्तान फिट्झरॉय हा लाव्हाटरचा भक्त होता. चार्ल्स डार्विन जहाजावर यायला तयार झाला, तेव्हा त्याचं नाक पाहून कप्तानाला शंका आली की अशा नाकाच्या माणसात एवढ्या प्रवासाची चिकाटी असेल का. ही आठवण डार्विननंच लिहून ठेवली आहे. नाकावर विसंबून कप्तानानं नकार दिला असता तर जीवशास्त्राचा इतिहास वेगळा झाला असता.

पुढची पायरी गंभीर होती. लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टरनं १८७६ मध्ये पुस्तक लिहून 'जन्मजात गुन्हेगारा'ची कल्पना मांडली : मोठा जबडा, बाहेर आलेले कान, मागे उतरतं कपाळ. डॉक्टरच सांगतोय म्हटल्यावर लोकांचा विश्वास बसला. त्याला उत्तर दिलं तेही एका डॉक्टरनंच. चार्ल्स गोरिंग हा इंग्लंडमधला तुरुंगाचा वैद्यकीय अधिकारी. त्यानं सुमारे ३००० कैद्यांची मोजमापं घेतली, त्यांची तुलना सैनिक आणि विद्यार्थी यांच्याशी केली आणि १९१३ मध्ये लिहिलं की गुन्हेगारांचा असा वेगळा शारीरिक प्रकार आढळत नाही.

लोम्ब्रोसो आणि गोरिंग दोघांनीही मोजमापं घेतली होती. गोरिंगनं एक गोष्ट जास्त काटेकोरपणे केली : तुरुंगाबाहेरच्या माणसांची मोजमापं शेजारी ठेवून तुलना केली. मोठे कान तुरुंगाबाहेरही तितकेच सापडतात हे तेव्हा कळलं.

क्षयाचा चेहरा

मला या इतिहासातला सर्वांत बोलका वाटणारा प्रयोग क्षयरोगाचा आहे.

फ्रान्सिस गाल्टन हा डार्विनचा नात्यानं भाऊ. सुप्रजननाच्या, म्हणजे 'चांगल्या वंशाची पैदास' करण्याच्या घातक कल्पनेला त्यानंच नाव दिलं. १८७० च्या दशकात त्यानं एक छायाचित्रणाची युक्ती काढली. एकाच काचेवर अनेक चेहऱ्यांचे फोटो एकावर एक, प्रत्येकी थोडा थोडा वेळ उमटवायचे. जे सगळ्यांत समान ते ठळक होतं, जे एकेकट्याचं ते पुसट होतं. उरतो तो 'सरासरी चेहरा'. आधी त्यानं कैद्यांचे फोटो घेतले. गुन्हेगारीचा चेहरा उठून दिसेल अशी त्याची अपेक्षा होती. झालं उलटंच. फोटो जितके मिसळावेत तितका चेहरा साधा, चारचौघांसारखा होत गेला, आणि हे त्यानं प्रामाणिकपणे नोंदवलं.

मग तो क्षयाकडे वळला. त्या काळी डॉक्टरांची पक्की समजूत होती की निमुळत्या, नाजूक चेहऱ्याच्या माणसांना क्षय होतो. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले डॉ. फ्रेडरिक अकबर महोमेद या कामात गाल्टनचे सहकारी होते. मूळचे पाटण्याचे आणि लंडनमध्ये पहिलं भारतीय उपाहारगृह काढणारे शेख दीन महोमेद यांचे हे नातू. उच्च रक्तदाबाच्या इतिहासातही त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं. दोघांनी क्षयाच्या ४४२ रुग्णांचे आणि इतर आजारांच्या २०० रुग्णांचे फोटो घेऊन ताडून पाहिले. १८८२ मध्ये निष्कर्ष छापला : क्षयाचा असा खास चेहरा नाही. निमुळते चेहरे इतर रुग्णांमध्येही तितकेच आहेत.

त्याच वर्षी, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉखनं बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. तोच दिवस आपण जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळतो. ज्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टर रुग्णाच्या चेहऱ्यात शोधत होते, ते थुंकीत होतं. आजही "याचा चेहरा तर चांगला भरलेला आहे, याला कसला टीबी?" असं म्हणत महिनोन् महिने खोकला अंगावर काढणारी कुटुंबं मी पाहतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर चेहरा कसाही असो, थुंकीची तपासणी करायचीच.

लक्षणं बरोबर, अर्थ चूक

दुसरं उदाहरण तितकंच शिकवणारं आहे. १८६६ मध्ये इंग्लंडमधल्या डॉ. जॉन लँग्डन डाऊन यांनी बौद्धिक वाढ मंद असलेल्या काही मुलांचे चेहरे एकमेकांशी खूप मिळतेजुळते असल्याचं लिहिलं. त्यांनी केलेलं वर्णन अचूक होतं. पण त्याचा अर्थ त्यांनी वंशाशी जोडला आणि या मुलांना मंगोल लोकांच्या गटात टाकलं. जवळजवळ शंभर वर्षं तेच नाव चाललं. १९५९ मध्ये फ्रान्समध्ये लज्यून, गोतिए आणि त्युर्पिन यांनी दाखवलं की या मुलांच्या पेशींत २१ क्रमांकाचं एक गुणसूत्र जास्त असतं. १९६१ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटानं 'लॅन्सेट'मध्ये पत्र लिहून जुनं अपमानकारक नाव सोडण्याची विनंती केली आणि हळूहळू 'डाऊन सिंड्रोम' हे नाव रूढ झालं.

चेहऱ्याचं निरीक्षण खरं असूनही त्यावरून काढलेला अर्थ साफ चुकू शकतो. तो सुधारला गुणसूत्रांच्या तपासणीनं.

आपल्या देशालाही या मोजमापांचा फटका बसला. हर्बर्ट रिझली या इंग्रज अधिकाऱ्यानं १८९१ मध्ये नाकाच्या रुंदी-लांबीचं प्रमाण काढून त्याची सांगड जातींच्या उच्च-नीचतेशी घातली. पुढे तोच १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख होता. या विचारसरणीला थेट सामोऱ्या गेलेल्या एक मराठी संशोधक म्हणजे इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्याकडे पीएचडी करत होत्या. मानवी कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी संबंध असावा, असं फिशर यांचं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही असं लिहिलं. आपल्याच मार्गदर्शकाविरुद्ध असा निष्कर्ष लिहायला धैर्य लागतं.

यंत्र शिकतं कसं?

आता यंत्रांकडे येऊ. १९६० च्या दशकात अमेरिकेत वुडी ब्लेडसो यांनी कॉम्प्युटरला चेहरा ओळखायला शिकवण्याचा प्रयत्न केला. त्यात डोळ्यांचे कोपरे, ओठांच्या कडा अशा खुणा माणूस हातानं करायचा आणि यंत्र अंतरं मोजायचं.

न्यूरल नेटवर्कची रीत वेगळी आहे. त्याला कुठे बघायचं ते कुणी सांगत नाही. फोटो म्हणजे त्याच्यासाठी लहान लहान ठिपक्यांच्या उजेडाचे आकडे. हे आकडे एकामागून एक थरांतून जातात, प्रत्येक थरात त्यांना कमी-जास्त वजन दिलं जातं आणि शेवटी एक उत्तर येतं. उत्तर चुकलं की वजनं किंचित बदलतात. असं हजारो, लाखो वेळा झालं की उत्तरं बरोबर येऊ लागतात. बरोबर उत्तर कुठलं, हे मात्र माणसानं आधी लावलेल्या चिठ्ठीवरून ठरतं. चिठ्ठी चुकीची असेल तर यंत्र चूकच मन लावून शिकतं.

१९९० मध्ये गोलोम्ब, लॉरेन्स आणि सेजनोव्स्की यांनी 'सेक्सनेट' नावाचं छोटं न्यूरल नेटवर्क सादर केलं. त्याचं काम एकच : चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा ते सांगणं. फोटो फक्त ९० होते. त्यांत दाढी-मिशा, दागिने, ठळक मेकअप असलेला एकही चेहरा नव्हता, कारण हे सगळं राहिलं असतं तर यंत्रानं चेहऱ्याऐवजी कानातलीच ओळखली असती. यंत्राच्या चुका सुमारे ८ टक्के झाल्या, त्याच फोटोंवर माणसांच्या सुमारे १२ टक्के.

पुढे २०१२ नंतर वेगवान संगणक आणि इंटरनेटवरचे कोट्यवधी फोटो हाताशी आले आणि ही यंत्रं झपाट्यानं हुशार झाली. फोटोंचा ढीग वाढला, पण सेक्सनेटच्या वेळची ती खबरदारी अनेकांनी सोडून दिली.

लोम्ब्रोसो पुन्हा आला

२०१६ मध्ये चीनमधल्या दोन संशोधकांनी १८५६ फोटोंवर न्यूरल नेटवर्क चालवून गुन्हेगार आणि बिगरगुन्हेगार जवळजवळ ९० टक्के अचूक ओळखता येतात असा दावा केला. पण गुन्हेगारांचे फोटो पोलिसांकडून आलेले होते आणि बाकीचे इंटरनेटवरून घेतलेले. टीकाकारांनी दाखवलं की छापलेल्या नमुन्यांत एका गटाच्या चेहऱ्यावर आठ्या होत्या, तर दुसऱ्याच्या चेहऱ्यावर हलकं हसू आणि अंगात पांढऱ्या कॉलरचा शर्ट. यंत्र कदाचित गुन्हेगारी ओळखत नव्हतंच, ते हसू आणि कॉलर ओळखत होतं.

२०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन संशोधकांनी डेटिंग वेबसाइटवरचे फोटो वापरले. एक समलिंगी आणि एक भिन्नलिंगी पुरुष अशी जोडी दिली की यंत्र ८१ टक्के वेळा बरोबर ओळखत होतं, तर माणसं ६१ टक्के. असं तंत्र लोकांच्या खासगीपणाला धोकादायक आहे, असा इशाराही त्यांनीच दिला. पण इतर अभ्यासकांनी हजारो लोकांना प्रश्न विचारून पाहिलं, तेव्हा फरकाचा मोठा भाग चष्मा, मेकअप, दाढी आणि सेल्फी वरून काढला की खालून यांनीच समजावता येतो असं दिसलं. म्हणजे लोक स्वतःला फोटोत कसं मांडतात ते यंत्र ओळखत होतं. हाडामांसाच्या चेहऱ्यात काही लिहिलेलं होतं, असं त्यावरून सिद्ध होत नाही.

भावनांचंही तसंच. २०१९ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या एका गटानं हजाराहून जास्त अभ्यास तपासून सांगितलं की चेहऱ्याच्या हालचालीवरून आतली भावना खात्रीनं सांगता येत नाही. कपाळाला आठी रागानं पडते, तशी विचारानं पडते आणि डोळ्यांवर ऊन आलं तरी पडते. हायरव्ह्यू या अमेरिकी कंपनीनं २०२१ मध्ये मुलाखतीतलं चेहऱ्याचं विश्लेषण बंद केल्याचं जाहीर केलं. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२५ पासून नोकरीच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या यंत्रांवर बंदी आहे, अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा.

जिथे उपयोग आहे

याचा अर्थ हे तंत्र टाकाऊ आहे असा अजिबात नाही. अनेक जनुकीय आजारांत चेहऱ्याची घडण बदलते. ते आजार इतके दुर्मिळ असतात की एखाद्या डॉक्टरला आयुष्यात एकदाही दिसत नाहीत, आणि नाव कळेपर्यंत कुटुंबाची वर्षं जातात. अशा ठिकाणी यंत्राची स्मरणशक्ती कामी येते. २०१९ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये 'डीपगेस्टाल्ट' नावाच्या न्यूरल नेटवर्कची माहिती आली. २०० हून अधिक सिंड्रोम असलेल्या मुलामाणसांच्या १७,००० पेक्षा जास्त फोटोंवर ते शिकलं होतं. ५०२ फोटोंवर तपासलं तेव्हा त्यानं सुचवलेल्या पहिल्या दहा नावांत खरं नाव ९१ टक्के वेळा होतं.

हे वाक्य नीट वाचा. 'पहिल्या दहांत', पहिलंच नव्हे. आणि ते फोटो निदान झालेल्या रुग्णांचे होते. 'कुठला सिंड्रोम?' या प्रश्नाचं उत्तर तपासलं गेलं होतं. 'सिंड्रोम आहे की नाही?' हा प्रश्न वेगळा आहे, आणि घरी फोटो टाकणारे आई-बाबा नेमका तोच विचारत असतात.

यंत्र कुणाचे चेहरे पाहून शिकलं यालाही महत्त्व आहे. २०१७ च्या एका अभ्यासात अशाच यंत्रानं डाऊन सिंड्रोम असलेल्या बेल्जियमच्या मुलांपैकी ८० टक्के ओळखली, पण कांगोच्या मुलांपैकी फक्त सुमारे ३७ टक्के. आफ्रिकी मुलांचे फोटो देऊन शिकवल्यावर तो आकडा सुमारे ९५ टक्क्यांवर गेला. म्हणून एखादं ॲप 'अचूक' आहे असं वाचलं की विचारा : कुणाच्या मुलांवर तपासलं? त्यांत आपल्याकडची मुलं होती का?

शिवाय साधं गणित पाहा. समजा एखादा आजार १०,००० मुलांत एकाला होतो, आणि ॲप निरोगी मुलांपैकी फक्त ५ टक्के मुलांबाबत चुकतं. तुम्ही सगळ्या १०,००० मुलांचे फोटो टाकलेत तर जवळजवळ ५०० निरोगी मुलांना ते आजाराचं नाव चिकटवेल, आणि खरा रुग्ण त्यांत एकच असेल. इतकं 'अचूक' यंत्रसुद्धा शेकडो घरांची झोप विनाकारण उडवू शकतं.

मग काय करायचं?

रोज आम्ही डॉक्टर चेहरा पाहतोच. चेहरा सुजट, त्वचा कोरडी, आवाज घोगरा झाला की थायरॉइडची शंका येते. जबडा, नाक मोठं होत चाललं, अंगठी बसेनाशी झाली की ॲक्रोमेगालीची. चेहरा निर्विकार, पापण्या कमी लवतात, तेव्हा पार्किन्सनची. पण प्रत्येक वेळी पुढे रक्ततपासणी किंवा सविस्तर तपासणी असते आणि ती शंका खोटी ठरवू शकते. स्वभाव, प्रामाणिकपणा, गुन्हेगारी यांच्यासाठी अशी कुठलीही तपासणी नाही. म्हणून तिथे चेहऱ्यावरून केलेलं अनुमान चुकलं तरी चुकलं असं कधी कळतच नाही, आणि ज्याच्याबद्दल केलं त्याचं नुकसान मात्र होतं.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा :

• ॲपनं बाळाच्या चेहऱ्यावरून आजाराचं नाव सांगितलं तर ते निदान समजू नका. बाळाची वाढ, नजर, मान धरणं, बोलणं याबद्दल शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. गरज पडल्यास ते जनुकीय तपासणी सुचवतील.

• ॲपनं 'सगळं ठीक' म्हटलं म्हणून तपासणी टाळू नका. यंत्र तुमचा फोटो पाहतं, तुम्हाला नाही.

• मुलांचे फोटो अनोळखी ॲपवर टाकण्यापूर्वी दोनदा विचार करा. पासवर्ड बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही.

• चेहऱ्यावरून लगेच हालचाल करायचा एक प्रसंग असा : तोंड अचानक एका बाजूला वाकडं झालं, हातातली शक्ती गेली, बोलणं अडखळलं. हा पक्षाघाताचा झटका असू शकतो. रक्ताची गाठ विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्या वेळी ॲप उघडू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

• कुणी यंत्राच्या नावानं तुमच्या चेहऱ्यावरून तुमची लायकी सांगू लागलं, तर १८८२ चे ते ४४२ फोटो आठवा, आणि विचारा : कशावरून? दुसरं कारण तपासलं का?